दोन खुंट्यांची कवळी

मी एक जुनी कवळी आहे. खालच्या जबड्याची. हसू नका, मित्रांनो. तुमच्या तोंडात दात आपोआप उगवतात, दुधाचे पडले तर पुन्हा येतात, म्हणून तुम्हाला त्यांची किंमत वाटत नाही. माझ्या मालकालाही ती एके काळी वाटत नव्हती.

माझा जन्म चंद्रपुरातल्या एका छोट्या खोलीत झाला. तिथे एक कारागीर मेणाच्या पट्टीत एकेक दात बसवत होता. मग साचा झाला, मेण गेले, गुलाबी मसाला आला आणि मी तयार झाले. माझ्याबरोबर माझी वरची बहीणही जन्मली. ती नशिबाची. तिला अख्खा टाळू मिळाला, त्याला चिकटून ती आरामात बसते. माझ्या वाट्याला हिरडीची एक अरुंद कड आली, आणि शेजारी जीभ. जिभेला हाड नसते हे खरे, पण धक्के मारायला तिला हाड लागत नाही.

आम्ही दोघी नानाजींच्या तोंडात राहायला गेलो. नानाजी सिंदेवाहीजवळच्या एका गावातले मासेमार. गावाला मोठे जुने तळे आहे आणि तळ्यावर मच्छीमारांची संस्था आहे. नानाजींनी उभ्या आयुष्यात दोन गोष्टी तोंडात धरल्या, एक खर्रा आणि दुसरी जाळ्याची दोरी. तंबाखू-सुपारीच्या त्या खर्र्याने त्यांचे सगळे दात खाल्ले. दोरीने काय केले ते आता सांगते.

फेकजाळे कसे टाकतात ते तुम्ही पाहिले आहे का? जाळ्याच्या काठाच्या दोरीत शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात. अर्धे जाळे हातावर घ्यायचे, काठाचा एक भाग दातांत धरायचा, कमरेतून वळायचे आणि झोकून द्यायचे. हात सुटतो त्याच क्षणी दातही सुटले पाहिजेत. वेळ साधली तर जाळे पाण्यावर परातीसारखे गोल उघडते. चुकली तर पिळलेल्या लुगड्यासारखे पडते आणि मासे खालून निघून जातात.

आमच्या तळ्यावर एक रीत आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की मासेमारी सुरू करायचा दिवस ठरतो. त्या दिवशी पहिले जाळे एकच माणूस टाकतो. टाकून झाले की तो मोठ्याने ओरडतो, आणि मगच बाकीच्यांची जाळी पाण्यात पडतात. वडिलांच्या मागे हा मान नानाजींकडे आला होता. त्यांच्याकडे दुसरा कुठलाच मान नव्हता.

मी नवी होते त्या वर्षी निभावले. पण दात गेले की हिरडीखालचे हाड हळूहळू झिजते. माझी जागा सैल होत गेली. नानाजी बोलताना मी कटकट वाजू लागे, आणि भाताचे शीत माझ्याखाली शिरले की त्यांचा जीव कासावीस होई. तरी कोणाला न सांगता ते मला जिभेने दाबून धरत.

आणि मग तो दिवस आला. काठावर सगळा गाव. नानाजींनी दोरी दातांत धरली, वळले, झोकले. जाळे गेले आणि जाळ्याबरोबर मीही गेले. हवेतून जाताना मला नानाजींचे उघडे तोंड दिसले, मग पाणी, मग गाळ. वरून हसण्याचा आवाज येत होता. नानाजी ओरडले, पण नुसती फुसफूस ऐकू आली. कोणाला काय करावे कळेना. जाळे टाकायचे की थांबायचे, अशा घोळात सगळे उभे राहिले.

शेवटी जाळी कशीबशी पडली, आणि मी सापडले ती झिंग्यांबरोबर. शेजारची सोमारी उथळ पाण्यात झिंगे धरत होती. तिने गाळ चाळला आणि मला उचलून नानाजींच्या हातात ठेवले.

"नानाजीभाऊ, हे घ्या तुमचे दात. झिंगे खाऊन राह्यले होते."

तिच्या मनात वाईट काही नव्हते. सगळे पुन्हा हसले, नानाजीही हसले. घरी आल्यावर मात्र त्यांनी मला एका डब्यात टाकले आणि झाकण लावले.

डब्यातले दिवस मला आठवतातही आणि आठवायला नकोसेही वाटतात. वरची बहीण माझ्याच शेजारी पडून होती. मी नसताना तिचा काय उपयोग? नानाजी माशाच्या रश्श्यात भात कालवून तो गिळत. बोलणे तर त्यांनी जवळजवळ सोडलेच होते. मला वाटले, आपण संपलो.

मग एकदा संस्थेचे अध्यक्ष बापूराव घरी आले. माणूस भला. ते ओसरीवर बसून हळूच म्हणाले, "नानाजी, मनावर नोको घेऊ. पुढच्या साली पयलं जाळं संस्थेतल्या लच्छूले देऊ. पोरगा दमाचा आहे."

नानाजींनी उत्तर दिले. ते बापूरावांना कळले नाही. त्यांनी पुन्हा सांगितले, पुन्हा कळले नाही. शेवटी बापूराव मान हलवून निघून गेले. नानाजी उठले, फळीवरचा डबा काढला आणि मला बाहेर घेतले. मला वाटले आता चुलीत जाते. पण त्यांनी आम्हा दोघींना धुतले, तोंडात घातले, मला जिभेने दाबले आणि बायकोला हाक मारली.

"रंभे, मले दात पायजेत. असे पळनारे नाई, जागेवर बसनारे. पयलं जाळं मीच टाकन."

रंभाबाई मासोळ्या निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "मंग जा ना जी. कोन धरून ठेवलं तुमाले?"

मुलगा विक्की त्यांना मोटारसायकलवर घेऊन निघाला. पहिला दवाखाना मोठ्या पाटीचा होता. तिथल्या माणसाने नानाजींच्या तोंडात जेमतेम डोकावून पाहिले आणि सांगितले, "पक्के दात बसवून देतो काका. लोखंड चावा." नानाजी खूश झाले. विक्की मात्र म्हणाला, "बाबा, आनखी एक जागी दाखवू."

दुसरा दवाखाना डॉक्टर साधनाबाईंचा. त्यांनी जबड्याचा फोटो काढला, रक्तातली साखर तपासायला लावली आणि मग फोटो नानाजींसमोर धरला.

"काका, पक्के दात बसवायचे तर हाडात धातूच्या जास्त खुंट्या लागतील. तुमच्या मागच्या बाजूचं हाड झिजलं आहे. पुढे मात्र चांगलं हाड आहे. तिथे दोन खुंट्या बसवू. त्यांच्यावर कवळी अडकेल. रोज काढायची, धुवायची, पुन्हा बसवायची."

"म्हंजे पुन्हा कवळीच?"

"कवळीच. पण ती तुमच्या हातानं निघेल, बोलण्यानं नाही."

नानाजींनी खांद्यावरचा दुपट्टा घेतला, त्याचे टोक तोंडात धरले आणि जाळे कसे टाकतात ते खुर्चीसमोर उभे राहून करून दाखवले. मग विचारले, "हे जमन का?"

डॉक्टर साधनाबाईंनी नीट पाहिले. "नाही. जेवण होईल, बोलणं होईल. जाळ्याचा हिसका नाही चालणार. कवळी तुटेल, नाही तर खुंट्या ढिल्या होतील. आणि अजून एक. खर्रा बंद. आजपासून."

मला वाटले, झाले! आता नानाजी पहिल्या दवाखान्याकडे वळणार. ज्या कामासाठी आलो तेच जमत नसेल तर काय उपयोग? बाहेरच्या बाकावर ते बराच वेळ बसले. शेवटी नानाजी म्हणाले, "त्यानं न पाहता हो म्हनलं. हिनं पाहून नाई म्हनलं. मी इथीच करतो."

"आन जाळं?"

"जाळ्याचं माह्यावर सोड."

मित्रांनो, माझी खरी परीक्षा पुढेच होती. नवी कवळी करायची की जुनीच वापरायची? डॉक्टर साधनाबाईंनी मला उजेडात फिरवून फिरवून पाहिले. माझे दात झिजले नव्हते, अंगाला तडा नव्हता. "हीच चालेल," त्या म्हणाल्या. गाळात पडलेल्या कवळीचे एवढे कौतुक कोणी कधी केले असेल का? वरच्या बहिणीला मी ते आजही ऐकवते.

हिरडी बधिर करून नानाजींच्या जबड्यात दोन छोट्या खुंट्या बसवल्या गेल्या. हाडाने त्यांना धरायला काही महिने लागतात. तोवर माझे पोट आतून कोरून त्यात मऊ अस्तर भरले. नानाजींना मऊच खायचे होते. ते कठीण नव्हते, सवय होती. कठीण होता खर्रा. हात आपोआप खिशाकडे जाई. रंभाबाईंनी खर्र्याच्या प्लास्टिकच्या पन्नीत बडीशेप भरून ठेवली होती. पहिल्या दिवशी नानाजींनी ती अंगणात फेकली. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने खाल्ली. एकदा पानठेल्यावर लच्छूनेच खर्रा पुढे केला. नानाजींनी तो हातात घेतला, वास घेतला, आणि लच्छूच्याच हातात परत दिला. त्या वेळी त्यांनी जबडा इतका घट्ट मिटला होता की माझे अस्तर दबले.

आणि जाळे? ते रोज अंगणात पडत होते. दोरी दातांत न धरता, काठ कोपरावर अडकवून टाकायचे, असे नानाजींनी ठरवले होते. काही जण तसे टाकतात, पण नानाजींच्या अंगात दुसरीच चाल मुरलेली होती. साठी ओलांडलेला माणूस नवशिक्यासारखा अंगणात गिरक्या घेत होता. जाळे कधी बाजेवर पडे, कधी कोंबड्यांवर.

"काऊन जी, आज कोंबडीचाच रस्सा का?" रंभाबाई विचारत.

नानाजी कोंबडी सोडवत आणि जाळे पुन्हा हातावर घेत. कधी कधी मला त्यांचा राग यायचा. मी इतकी जपून बसले होते आणि ते स्वतःला जराही जपत नव्हते.

महिने सरले. खुंट्या हाडात पक्क्या झाल्या. माझ्या पोटात दोन छोट्या टोप्या बसवल्या, आत लवचिक कड्या असलेल्या. नानाजींनी मला तोंडात ठेवून बोटाने दाबले. टक्. एवढाच आवाज. जिभेने सवयीने धक्का दिला, मी हलले नाही. तिने पुन्हा दिला. मग ती गप्प बसली. आयुष्यात पहिल्यांदा मला माझी जागा मिळाली होती, आणि मला फार आनंद झाला.

त्याच संध्याकाळी नानाजी बापूरावांकडे गेले. "अध्यक्षसाहेब, यंदा पयलं जाळं माहंच."

बापूरावांना प्रत्येक शब्द कळला. ते चकित झाले, पण म्हणाले, "आन पुन्हा काही झालं त?"

"त पुढं जाळं लच्छूचं. मी काठावर बसन."

मासेमारीचा दिवस उगवला. तोच काठ, तोच गाव. पाण्यापुढे नारळ फुटला. नानाजी गुडघाभर पाण्यात उतरले. त्यांनी जाळे हातावर घेतले आणि त्याचा काठ उचलला. मित्रांनो, त्यांचा हात कोपराकडे गेला नाही. तो सरळ तोंडाकडे आला. आयुष्यभराची सवय होती ती. ओल्या दोरीचा स्पर्श माझ्या पुढच्या दातांना झाला. मी ओरडू शकत नाही. मी फक्त जिथे बसवले तिथे बसू शकते. एक हिसका, की मी मोडणार, आणि नानाजी पुन्हा त्याच हशात उभे राहणार.

नानाजी थांबले. काठावर कोणीतरी खाकरले. दोरी माझ्यावर तशीच टेकलेली होती. मग त्यांनी श्वास सोडला, दोरी खाली घेतली आणि कोपरावर अडकवली. वळले. झोकले.

जाळे एका बाजूने जरासे दुमडले, पण उघडले. शिशाच्या गोळ्या पाण्यावर वाजल्या. नानाजींनी मान वर केली आणि ओरडले, "टाका रे जाळं!"

तो आवाज पलीकडच्या काठापर्यंत गेला. मी जागची हलले नाही.

आता माझे दिवस बरे चालले आहेत. रोज रात्री नानाजी मला काढतात, मऊ ब्रशने घासतात आणि स्वच्छ पाण्यात ठेवतात. खुंट्यांभोवतीची हिरडीही साफ करतात. कड्या सैल झाल्या की डॉक्टर साधनाबाई त्या बदलून देतात. मला गरम पाणी सोसत नाही, आणि मला वाऱ्यावर टाकलेलेही सोसत नाही. मित्रांनो, दातांनी दोरा तोडू नका, बाटलीचे झाकण उघडू नका. दात हत्यार नाहीत. ते गेल्यावर माझ्यासारखीला बोलवावे लागते, आणि मी कितीही चांगली असले तरी मी तुमची नाही, हे मी स्वतः तुम्हाला सांगते आहे.

त्या दिवसाची एक गोष्ट राहिली. हाक ऐकताच सगळ्यांनी जाळी उचलली. नानाजींच्या शेजारी विक्की उभा होता. बापाकडे पाहत पाहत लहानपणी शिकला होता तसेच त्याने केले, दोरी दातांत घट्ट धरली. नानाजी पाण्यातून चालत त्याच्यापाशी गेले आणि त्याच्या तोंडातून ती दोरी काढून घेतली.

"कोपरावर घे. तुये दात अजून तुयेच आहेत."

विक्कीने काठ कोपरावर घेतला आणि टाकला. जाळे पार वाकडे पडले. काठावर कोणीतरी हसले.

"पडू दे," नानाजी म्हणाले. "ओढ, आन पुन्हा टाक."