भूगोलाच्या बाईंचे तास

गणिताच्या बाई चपला घालत होत्या, तेवढ्यात फोन वाजला. भूगोलाच्या बाईंचा होता.

"अगं, आईला सकाळपासून चक्कर येतेय. दवाखान्यात घेऊन चाललेय. माझे तास बघशील का?"

"बघते ना. तू आधी मावशींकडे बघ. शाळेची काळजी करू नकोस."

दोघी एकाच वर्षी शाळेत लागलेल्या. शिक्षकखोलीत कपाट एक, डबा खायचा एकत्र, आणि मुख्याध्यापकांना नावं ठेवायची तीही एकत्रच. बाकीचे शिक्षक त्यांना 'जुळ्या' म्हणायचे. एकीला निरोप दिला की दुसरीला वेगळा द्यावा लागत नसे.

त्या दिवशी गणिताच्या बाईंना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. आधी स्वतःचे अपूर्णांक, मग धावतपळत सातवीच्या वर्गात ज्वालामुखी. डोंगर बरा काढला, पण लाव्हा काढताना त्याची भाजी झाली. वर्ग हसला.

"बाई, लाव्हा थंड व्हायला किती दिवस लागतात?" मागून कुणीतरी विचारलं.

"ते तुमच्या बाई आल्या की विचारा. मला विचारायचं असेल तर त्याचं त्रैराशिक मांडून आणा."

मधल्या सुट्टीत मैदानावर लक्ष ठेवायची पाळीही भूगोलाच्या बाईंचीच होती. दोन मुलं एकमेकांच्या उरावर बसली होती, त्यांना सोडवताना बाईंच्या चष्म्याची काडी वाकली. तेवढ्यात एका मुलीच्या वडिलांनी फाटकाशी गाठलं आणि मुलीचे गुण कसे कापले गेले ते बाईंनाच समजावून सांगितलं. डबा तसाच राहिला. या सगळ्यात मावशींचा विचार काही डोक्यातून जात नव्हता. मैत्रिणीचा फोन लागेना, म्हणून त्यांनी तिच्या घरी लावला. मावशींनीच उचलला.

"मावशी, आलात घरी? काय म्हणाले डॉक्टर?"

"कसले डॉक्टर? मी ठणठणीत आहे. आणि तू शाळेत कशी? तुमची मुलाखत आहे ना आज? ती तर म्हणाली, दोघी जाणार आहोत."

"कसली मुलाखत?"

"ती उपमुख्याध्यापकाची गं, संस्थेच्या कचेरीत." मावशींचा आवाज एकदम खाली आला. "तुला माहीत नव्हतं?"

"होतं, होतं. गडबडीत विसरले," बाई म्हणाल्या. म्हाताऱ्या माणसाला त्यात कशाला ओढायचं.

त्या तिथेच जिन्याच्या पायरीवर बसल्या. उपमुख्याध्यापकाची जागा निघाली तेव्हा, "आपण दोघींनीही अर्ज करायचा नाही, एका खुर्चीपायी मैत्री नासायला नको," असं भूगोलाच्या बाईच म्हणाल्या होत्या. गणिताच्या बाईंना ती जागा हवी होती, अगदी मनापासून हवी होती. नवऱ्यानं दोनतीनदा म्हटलंही, "कर की अर्ज." त्यांनी त्यालाच गप्प केलं होतं. आमचं ठरलंय म्हणून.

घंटा झाली. पुढच्या वर्गात त्यांनी फळ्यावर सोपी बेरीज चुकवली. "बाई, हातचा राहिला," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. बाईंनी तो मिळवला आणि तास पुरा केला. मग मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या.

"सर, मी अर्ज केला नाही, याचं तुम्हाला नवल नाही वाटलं?"

"वाटलं तर. मी तुम्हाला बोलावणारच होतो. पण तुमच्या मैत्रीण म्हणाल्या, सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, त्यांना आणखी व्याप नकोय. विचारलंत तर उगाच अवघडतील. कशा आहेत आता सासूबाई?"

"रोज सकाळी फिरायला जातात, सर."

"आता फार उशीर झाला हो," मुख्याध्यापक म्हणाले.

आपल्यापासून लपवून अर्ज केला, एवढंच असतं तर बाईंनी चार दिवस अबोला धरला असता आणि पाचव्या दिवशी डबा उघडला असता. पण आपल्या तोंडचा नकार तिनं परस्पर देऊन टाकला होता.

शाळा सुटली तरी त्या शिक्षकखोलीतच बसून होत्या. भूगोलाच्या बाई आल्या, केस नीट बसवलेले, अंगावर ठेवणीतले कपडे. दारातच थांबल्या.

"आईचा फोन आला होता. मी तुला सांगणारच होते."

"कधी?"

भूगोलाच्या बाई आत आल्या. मग म्हणाल्या, "तू अर्ज केला असतास तर मला कुणी विचारलंही नसतं. तुलाही ठाऊक आहे ते."

"म्हणून माझ्या सासूला अंथरुणाला खिळवलंस? आणि आज आईला चक्कर आणलीस?"

"खरं सांगितलं असतं तर माझे तास घेतले असतेस?"

"घेतले असते. भांडले असते, नको नको ते बोलले असते, पण घेतले असते. हे तुला कळलं नाही इतक्या वर्षांत?"

भूगोलाच्या बाईंचे डोळे भरून आले. गणिताच्या बाईंनी कपाटातलं आपलं सामान पिशवीत भरलं, कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि त्या निघाल्या. रस्त्यात मात्र त्यांना रडू आवरेना. एका बंद दुकानाच्या पायरीशी उभं राहून त्या पोटभर रडल्या, तोंड पुसलं आणि घरी गेल्या.

जागा भूगोलाच्या बाईंनाच मिळाली. सभागृहात टाळ्या झाल्या, गणिताच्या बाईंनीही वाजवल्या. कार्यक्रम संपल्यावर नव्या उपमुख्याध्यापिका त्यांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "आपण एकदा बोलूया ना."

"बोला ना, मॅडम."

"तू मला अहोजाहो करणार?"

"सगळेच करतात. तुमचा मान आहे तो." गणिताच्या बाईंनी खडूची डबी उचलली. "आठवीवर तास आहे माझा. येऊ?"