मागे कोणी नाही

"इथेच थांबव," लेकीच्या खांद्यावर थाप मारून मी म्हणाले.

"आई, वळण आहे हे. पुढे मोकळी जागा बघते."

"मला हेच वळण हवंय."

तिने मोटरसायकल कडेला घेतली. मी कशासाठी आले होते ते तिला ठाऊक होतं. सकाळी तंबूची वळकटी मागे बांधताना ती म्हणालीही होती, "बाबांनी त्याला माफ केलं होतं ना?"

"त्याचं त्याने केलं. माझं मी बघीन."

क्लबच्या बाकीच्या गाड्या घाट चढून दिसेनाशा झाल्या होत्या. मागून केशरी जॅकेट घातलेला एकच स्वार येत होता. तो कॅप्टन. सैन्यात तो कधी नव्हता, पण सगळे त्याला याच नावाने ओळखत.

वर्षातून एकदा क्लब शनिवारी निघतो, डोंगरावरच्या माळावर तंबू ठोकतो आणि रविवारी परततो. केशरी जॅकेटवाल्याने सगळ्यात शेवटी राहायचं, कोणालाही ओलांडायचं नाही. कोणी थांबलं तर त्यानेही थांबायचं. माळावर पोचल्यावर त्याने ओरडायचं, "मागे कोणी नाही!" मगच जेवणाच्या मोठ्या पातेल्याचं झाकण निघणार. पोरं भुकेने रडली तरी त्याआधी नाही. नियम माझ्या लग्नाआधीपासूनचा. ते जॅकेट मात्र मीच शिवलं होतं. क्लबची सीट कव्हरंही माझ्याच मशिनवर व्हायची.

माझा नवरा बस डेपोत फिटर होता. याच वळणावर त्याची गाडी घसरली आणि तो खालच्या घळीत गेला. केशरी जॅकेट तेव्हाही कॅप्टनच्याच अंगात होतं. पण वर फोटोवाला आला होता आणि कॅप्टनला उजेड असेपर्यंत पोचायचं होतं. त्याने सगळ्यांना ओलांडलं, माळावर जाऊन आरोळी ठोकली, झाकण निघालं. फिटर कुठाय असं कोणीतरी विचारलं तेव्हा म्हणाला, "तो घाटाखालूनच परत फिरला. मला हात करून गेला."

पहाटे दुधाच्या गाडीवाल्याला फिटर सापडला. तेव्हाही कॅप्टन आपल्या शब्दावरून हलला नाही. तो म्हणाला, परत फिरला असेल, पुन्हा उलटा वर आला असेल. न सांगता रांग सोडली म्हणून क्लबने फिटरचं नाव काढून टाकलं. गुडघा तर गेलाच होता.

पुढे तो डेपोच्या स्टोअरमध्ये बसायचा. पण दरवर्षी त्या शनिवारी गाड्या आमच्या गल्लीवरून जायच्या तेव्हा हातातला कप तसाच धरून ऐकत राहायचा. "याची चेन ढिली आहे," म्हणायचा. "हा पुढच्या वळणावर बंद पडणार." मी म्हणायची, पडू दे मेला. तो हसायचा. गेल्या वर्षी तो गेला. तेराव्याच्या आत मी लेकीला म्हणाले, "तुझ्या त्या क्लबात मागे बसणारी चालते का?" लेक सासरच्या आडनावाने क्लबात होती. ती कोणाची मुलगी, हे तिथे कोणाला माहीत नव्हतं.

कॅप्टन आमच्या मागे येऊन थांबला.

"काय झालं? पंक्चर?"

"नाही काका, आईची कंबर धरलीय. जरा बसते म्हणते."

"बसा आजी, बसा."

आजी! हा माझ्याहून मोठा, मिशीला कलप लावलेला. मी हेल्मेट काढलं नाही, काचही वर केली नाही. कठड्यावर बसले. घळीत आता झुडपं माजली होती.

खरं सांगते, तो तिथे थांबला असता तर माझा डाव त्याच कठड्यावर संपला असता. मी मुकाट मागे बसून वर गेले असते. म्हातारपणी माणूस बदलला असेल तर कोणावर सूड घ्यायचा?

त्याने घड्याळ पाहिलं. फोन वाजला. "हो हो, आलोच. फोटोवाल्याला सांग, उजेड जायच्या आत पोचतो." आज त्याचा निरोपसमारंभ होता. शेवटचं एकदा केशरी जॅकेट घालून त्याने वर यायचं आणि पदक घ्यायचं, असं ठरलं होतं.

"अजून किती वेळ, आजी?"

"दम घेते जरा," मी काचेआडून म्हणाले. "थांबाल ना भाऊ? निर्जन रस्ता आहे."

"अहो, रस्ता सरळच आहे. लेक आहेच की बरोबर. या सावकाश."

आणि गेला. लेक त्याच्या धुराकडे बघत राहिली. "गेला गं आई," ती म्हणाली. मग तिनेच हेल्मेट चढवलं. "चल, बस."

आम्ही घाई केली नाही. माळावर पोचलो तेव्हा तंबूंपुढे दिवे लागले होते. कॅप्टन मधोमध उभा होता, जॅकेटवर पदक. टाळ्या चालल्या होत्या, ताटं वाढायला घेतली होती. आमच्या गाडीचा दिवा त्या सगळ्यांवरून फिरला तशा टाळ्या विरत गेल्या.

क्लबची सेक्रेटरी धावत आली. "अगं, तुम्ही? तुम्ही तर परत फिरलात ना? कॅप्टन म्हणाले, घाटाखालून हात करून गेलात."

तो आम्हाला सोडून जाईल एवढीच माझी आशा होती. हात केल्याची तीच थाप तो पुन्हा मारील, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो घास आपणहून ताटात पडला.

मी हेल्मेट काढलं.

"भाऊजी, ओळखलंत?"

त्याचा चेहरा उतरत गेला. "वहिनी..."

"मघाशी आजी होते." कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. "मी हात केला तुम्हाला? कुठला, डावा की उजवा? फिटरने कुठला केला होता?"

"वहिनी, हे चारचौघांत कशाला?"

"त्याचं नाव चारचौघांतच काढून टाकलंत ना?"

जुन्यांपैकी दोघं-तिघं होते. त्यांनी माना खाली घातल्या. मग त्यांतला एक पुढे झाला आणि पातेल्याचं झाकण पुन्हा ठेवलं. वाढलेली ताटं बाजूला सरकली. कॅप्टनने जॅकेट काढलं, पदकासकट. ते घ्यायला कोणी हात पुढे केला नाही. शेवटी त्याने ते गाडीच्या हॅन्डलवर टाकलं आणि आपल्या तंबूकडे गेला. वाटेत दोरीला अडखळला. कोणी सावरायला गेलं नाही.

सेक्रेटरी माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "मावशी, आता तुम्हीच म्हणा. सगळे उपाशी आहेत."

मी सगळ्यांकडे पाहिलं. लहान पोरं आयांना बिलगून झाकणाकडे बघत होती. तीन शब्दांचं काम होतं. पण माझा माणूस अजून खाली त्या वळणावरच होता. मी काही म्हणाले नाही.

लेकीने वळकटी सोडून माझ्यासाठी सतरंजी अंथरली. मी घाटाकडे तोंड करून बसले. झाकणाच्या कडेने निघणारी वाफ हळूहळू विरळ होत गेली.