झालंभाऊंची वेगवान डिस्क

आमच्या गल्लीतल्या झालंभाऊंचं काम झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. 'झालं' मात्र सगळ्यांनी ऐकलं होतं. थोरल्या वहिनी आतून विचारायच्या, "भाऊजी, गॅसचं सिलिंडर आणलंत?" भाऊजी "आणलं!" म्हणायचे आणि मग चपला शोधायला लागायचे. लबाडी नव्हती हो त्यात. समोरच्याला ताटकळत ठेवणं त्यांच्या जिवावर यायचं, एवढंच.

असा माणूस नेमका कुठे चिकटावा? तर कॉम्प्युटर भाड्याने देणाऱ्या ऑफिसात. तिथे एका दांडग्या मशीनच्या पोटात डझनावारी खोटी मशीनं नांदायची. त्यांना सगळे पाहुणे म्हणत, आणि त्या दांडग्या मशीनला यजमान. गल्लीतला दातांचा डॉक्टर, गाण्याचा क्लास, वहिनींचं शिवणाचं दुकान, प्रत्येकाचा एकेक पाहुणा. आणि प्रत्येक पाहुण्याची ठाम समजूत, की घरातली अख्खी डिस्क आपल्या एकट्याची. प्रत्यक्षात डिस्क एकच, आणि पाहुण्याच्या वाट्याला तिच्यातला एक खण.

पाहुण्याला काही जपून ठेवायचं झालं की तो यजमान मशीनपुढे चिठ्ठी सरकवायचा, 'एवढं लिहून घ्या.' यजमानाने ते डिस्कवर उतरवायचं, 'लिहिलं' म्हणायचं, तोवर पाहुण्याने हात चोळत बसायचं. शहाणे पाहुणे मधूनमधून बजावायचेसुद्धा, 'नुसतं डोक्यात ठेवू नका. डिस्कवर उतरलं की मगच सांगा.'

पण डिस्क पडली म्हातारी. एक अक्षर लिहिलं की पाठ टेकायची. गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली, तसे साहेब कडाडले, "वेग पाहिजे! काय वाटेल ते करा!"

"झालं!" झालंभाऊ म्हणाले आणि मग विचार करायला बसले.

त्यांनी केलं काय, तर यजमान मशीनला स्वतःचा स्वभाव शिकवला. चिठ्ठी आली रे आली की 'लिहिलं!' म्हणून मोकळं व्हायचं आणि चिठ्ठी मेमरीत टाकायची. डिस्क बापडी सवडीने लिहील. कुणी डिस्कवर उतरवायला बजावलंच, तर त्यालाही तोंडभरून 'उतरवलं!'

मग काय विचारता! वेग असा वाढला, की डॉक्टरांच्या रोग्याने तोंड उघडायच्या आधी दात काढल्याची नोंद पक्की व्हायची. गाण्याच्या क्लासात सूर लागायच्या आत टाळ्या जमा. पुढेपुढे तर यजमान इतका सरावला, की पाहुण्याने चिठ्ठी लिहायला घेतली तरी 'लिहिलं!' ऐकू यायचं. साहेबांनी भिंतीवर मोठा फलक लावला. त्यावर एकच हिरवा आकडा होता, पाहुण्यांना किती थांबावं लागतं त्याचा. तो कायम शून्य. डिस्क बदलायचं कुणी नावसुद्धा काढेना. साहेब मेमरीच वाढवत गेले, म्हणजे न केलेल्या कामाला ऐसपैस जागा!

अशात वहिनींना नाटक मंडळींचं काम मिळालं. सगळ्या कलाकारांचे पोशाख! दुकान सुरू केल्यापासून एवढं मोठं काम त्यांच्याकडे आलं नव्हतं. त्यांनी एकेकाला उभं करून मापं घेतली, थेट कॉम्प्युटरवर चढवली, आणि मंडळी पुढच्या गावी गेली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी रस्ता खणणाऱ्यांनी विजेची केबल तोडली. वहिनींचं शिलाई मशीन थांबलं. हातात कात्री तशीच, त्या ऑफिसात येऊन उभ्या राहिल्या. ऑफिस बॅटरीवर चाललं होतं आणि बॅटरी मरायला टेकली होती.

"भाऊजी, माझी मापं नीट आहेत ना?"

"हो, आहेत!"

वहिनींनी दिराच्या कानांकडे पाहिलं. ते लालबुंद झाले होते.

"आहेत, की 'झालं' आहेत?"

"मेमरीत आहेत, वहिनी. बॅटरी संपली की मेमरी कोरी. डिस्क लिहितेय, पण पाहुणे नवीन चिठ्ठ्या टाकायचे थांबतच नाहीत. मागचं उरकायचं कधी?"

"मग थांबवा की त्यांना!"

"खबरदार!" साहेब फलकापुढे आडवे झाले. "पाहुणे थांबले तर माझ्या शून्याचं काय? शून्य हलता कामा नये!"

"साहेब, वीज गेलीय!"

"पण फलक हिरवा आहे ना?"

"तुमचा फलक घाला चुलीत," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, पाहुण्यांची ये-जा कुठल्या वायरीतून होते?"

"ती निळी. पण वहिनी, ती..."

कच्च!

कापड कापायची कात्री ती, वायरीला थोडीच दाद देणार? गल्लीभर लॅपटॉपवर चालणारी बोटं थबकली. चिठ्ठ्या यायच्या बंद झाल्या. म्हातारी डिस्क पदर खोचून उठली आणि तुंबलेलं लिहीत सुटली. खोलीत अशी खरखर चालली, की भिंतीवरची पाल वाट सोडून गेली. शेवटी बॅटरीने मान टाकली आणि सगळं निपचित झालं.

संध्याकाळी वीज आली. झालंभाऊंनी तुटलेली निळी वायर जोडली, वहिनींनी मापं उघडली. राजा होता, राणी होती, भालदार-चोपदार होते. नायकाचे खांदे होते, छाती होती, आणि पुढे कोरं. नायकाला कंबर नव्हती.

"त्यात काय, फोनवर विचारतो," झालंभाऊ म्हणाले.

"नटाला कंबर विचारताय? तो लग्नाआधीची सांगेल! ही फीत घ्या, गाडी पकडा. जिथे माप भरेल तिथे गाठ मारून आणा."

भाऊजी निघाले. स्टँडवर पोचताच त्यांचा फोन आला, "वहिनी, झालं!"

"गाठ हातात पडली की मग बोला," म्हणून वहिनींनी फोन ठेवला.

झालंभाऊ खरोखर गेले. नायकाने पोट आत ओढलं, झालंभाऊ समोर बसून राहिले. अखेर नायकाला श्वास सोडावाच लागला. तेवढ्यात यांनी गाठ मारली. पोशाख वेळेवर गेले आणि नायकाची तुमान तिन्ही अंक जागची हलली नाही.

इकडे झालंभाऊंनी यजमान मशीनची खोड मोडली. आता अक्षर डिस्कवर उतरल्याशिवाय 'लिहिलं' नाही. फलकावरचं शून्य गेलं, आकडा लालभडक झाला. साहेब तरातरा आले.

"हा काय गोगलगायीचा कारभार? तो जुना वेग आत्ताच्या आत्ता परत लावा!"

"झालं, साहेब!" झालंभाऊ म्हणाले, आणि खुर्चीतून तसूभरही हलले नाहीत.