काळे-पांढरे पट्टे

चित्रकाराला सगळे थट्टेनं ‘पट्टेवाला’ म्हणत. एखाद्या नवख्यानं खरोखरच शिपाई समजून पाणी मागितलं, तर तो आणूनही द्यायचा. काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांशिवाय त्यानं दुसरं काही रंगवलंच नव्हतं. पट्टे इतके बारीक, इतके जवळजवळ, की बघणाऱ्याला भिंतच हलतेय असं वाटे. रंगाआधी कॅनव्हासवर चिकटपट्ट्या लावायचं काम बायकोचं. तिचा हात त्याच्यापेक्षा सरळ.

एका दुपारी पट्टी लावता लावता तिची बोटं थबकली. डोळे शेजारच्या तयार चित्रावर खिळले, पापण्या फडफडल्या आणि ती धाडकन खाली कोसळली. अंग ताठ, तोंडाला फेस.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोक्याला तारा जोडल्या आणि समोरच्या पडद्यावर पट्टे दाखवले. मेंदूची नागमोडी रेघ एकदम उसळली. बाईंनी झटकन पडदा बंद केला.

“मेंदूतल्या पेशी आपापल्या लयीत बोलत असतात, बाजारातल्या गलक्यासारख्या,” त्या म्हणाल्या. “यांना पट्टे दिसले की सगळ्या एकाच तालावर टाळ्या पिटायला लागतात. मग फिट येते. गोळ्या देते, पण पट्टे डोळ्यांसमोर नकोत. आलेच, तर एक डोळा तळहातानं पूर्ण झाकायचा आणि तिथून निघायचं.”

त्यानं घरातली चित्रं भिंतीकडे तोंड करून ठेवली. फुलं काढून पाहिली, डोंगर काढून पाहिले. डोंगरावरही हात आपसूक उभ्या रेघा ओढू लागला. गॅलरीवाल्यानं मान हलवली. “फुलंवाले पायलीचे पन्नास मिळतात, साहेब. लोक तुमचे पट्टे बघायला येतात.”

शेवटी त्यानं बाहेर खोली घेतली. दाराला कुलूप.

“आज काय काढलंस?” बायको विचारायची.

“तेच.”

“कसं झालंय?”

त्याला सांगता यायचं नाही. आजवर सांगावंच लागलं नव्हतं.

प्रदर्शनाच्या दिवशी गर्दी बाजूला झाली. एक डोळा हातानं झाकून ती सगळ्यात मोठ्या चित्रासमोर उभी होती. तो धावला. “अगं, वेड लागलंय का? चल बाहेर!”

“थांब. पट्टी कुणी लावली?”

“मीच.”

“वाटलंच. डावीकडे वाकडी गेलीय.”

त्यानं तिला जवळजवळ ओढतच बाहेरच्या पायऱ्यांवर आणलं. ती बसली आणि रडायला लागली. “घरात असून नसल्यासारखा झालायस रे तू. सोडशील हे?”

“सोडतो,” तो म्हणाला, आणि त्या क्षणी ते खरंच होतं.

तेवढ्यात मागून गॅलरीवाला आला. “साहेब, पुढचं ठरलं! अख्खी खोली. भिंती, जमीन, छत, सगळीकडे पट्टे. माणूस आत शिरला की त्याला दुसरं काही दिसताच कामा नये.”

बायको रस्त्याकडे बघत राहिली. ‘नाही’ म्हणायला चित्रकारानं तोंड उघडलं.

“छत किती उंच आहे?” त्यानं विचारलं.

ती उठली, पदरानं तोंड पुसलं आणि एकटीच पायऱ्या उतरू लागली.