पालथा दगड आणि मी

मी एक जुना बोळा आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो! आत गोधडीचा कापूस आणि बाहेर लग्नातल्या पोलक्याचं रेशीम, असा माझा थाट आहे. शाई पिऊन पिऊन आता काळाठिक्कर पडलो आहे, ती गोष्ट वेगळी.

कोरियातल्या दोल्ने गावी मेंगमास्तरांच्या घरी मी जन्मलो. मास्तर शाळेत शिकवायचे आणि सुट्टी लागली की रानोमाळ दगड शोधत हिंडायचे. साधेसुधे नव्हेत, अक्षरं कोरलेले दगड. दगड धुऊन त्यावर ओला कागद चिकटवायचा, ब्रशने ठोकून तो खाचांत बसवायचा आणि अर्धवट वाळला की शाईच्या बोळ्याने हलके हलके टिपायचं. कागद काळा होतो आणि अक्षरं पांढरी उमटतात. याला ठसा घेणं म्हणतात. घाई केलीत, ओल्या कागदाला हात लावलात, की झालाच सगळा चिखल!

मला शिवलं मास्तरांच्या बायकोने. शिवताना ती म्हणाली, "लोक बायकोला रेशीम आणतात. आमचे हे बायकोचं रेशीम दगडावर आपटणार! काय बाई नशीब!" पण टाके तिने असे घट्ट घातले, की अजून एक उसवलेला नाही.

मला वाचता येत नाही. नुसतं चाचपता येतं. त्यामुळे मी फार चौकस झालो. टिपता टिपता मनात यायचं, हे कुणी कोरलं असेल? कुणासाठी? संध्याकाळी मास्तर ठसा भिंतीवर टांगून मोठ्याने वाचायचे, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडायचा.

बहुतेक दगड हाकिमांचे. जुन्या काळी राजाने नेमलेला हाकीम बदलून जायला निघाला, की गावाने त्याच्या स्तुतीचा दगड उभारायचा, अशी रीत होती. कुणी मायेने उभारायचं, कुणी पाठीवर दंडुका बसू नये म्हणून. दगडावर मात्र सगळेच हाकीम मायाळू आणि निर्मळ मनाचे! त्यातल्या प्यो नावाच्या हाकिमाचे तर चार दगड सापडले. मास्तरांनी जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात प्योवर एक सबंध प्रकरण: 'लोकांच्या काळजातला हाकीम'. ग्रंथ गाजला. मास्तरांना शाल मिळाली. मला काय मिळालं? नवा दोरा!

या ग्रंथावर तोंडावर टीका करणारं गावात एकच माणूस होतं, ते म्हणजे नामगुंगबाई. त्या याच गावात वाढलेल्या, गावाच्याच कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्या. वांग्यांना पाणी घालून झालं की मास्तरांच्या ओट्यावर येऊन बसायच्या, जवाचा चहा घ्यायच्या आणि भांडण उकरून काढायच्या.

"मास्तर, चार दगड म्हणजे चार वेळा वर्गणी उकळली असेल मेल्याने! त्याच्यावर जीव असता तर एखादं गाणं तरी उरलं असतं."

"लेखिकाबाई, गाणी आणि गोष्टी म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा दाखवा."

"आणि दगड खरं बोलतो होय? मी काही बोळ्याने दूध पीत नाही!"

माझ्या जातीचा उल्लेख झाला, एवढाच आनंद.

मग दिवस पालटले. मास्तरांची बायको गेली. त्यांच्या हाताला कंप सुटला. मी खणात जाऊन पडलो, सुकलो, ढेकळासारखा कडक झालो. दगड कसे असतील, त्यांच्यावर शेवाळ चढलं असेल का, असले प्रश्न अंधारात मला छळत राहिले. कुणी विचारत नव्हतं, याचं फार वाईट वाटायचं.

आणि एके दिवशी खण धाडकन उघडला. ओढ्याला सिमेंटची भिंत घालायला खोदाईचं यंत्र आलं होतं. बायका पिढ्यान्पिढ्या ज्यावर धुणी बडवत आल्या, तो सपाट दगड यंत्राने उचलला, तर खालच्या अंगाला अक्षरं! दुसऱ्याच दिवशी दगड शहरातल्या गोदामात जायचा होता. आणि तिकडे मास्तरांच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती छपाईला निघाली होती. मास्तर ऐंशीच्या घरात. आता जे छापलं जाईल तेच त्यांच्या नावावर कायमचं राहणार, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

मला कोमट पाण्यात भिजवून त्यांनी पिळलं. अहाहा! ओढ्यावर नामगुंगबाई आधीच हजर होत्या. मास्तरांनी कागद बसवला, पण मला उचललं आणि हात थरथरला. शाईचा थेंब कागदावर पडणार, एवढ्यात बाईंनी मला काढून घेतलं.

"द्या इकडे. कुठे टिपायचं ते सांगा. आणि ओरडू नका, मी तुमच्या शाळेत नाही."

बाईंचा हात वजनदार, पण मी सांभाळून घेतलं. अक्षरं उमटली. मास्तरांनी चष्मा वर केला आणि लहान मुलासारखे टाळ्या पिटू लागले.

"प्यो! पाचवा दगड! 'हा हाकीम आम्ही कधीही विसरणार नाही.' आता बोला, लेखिकाबाई!"

बाई यंत्राने उभ्या करून ठेवलेल्या दगडाच्या दुसऱ्या अंगावर हात फिरवत होत्या. ते अंग थाप्यांच्या माराने झिजून परातीसारखं खोलगट झालं होतं.

"मास्तर, धुणं बडवताना माझी आई म्हणायची, 'घाल साहेबाच्या पाठीत!' सगळ्याच बायका म्हणायच्या. नव्या सुनेला पहिल्या दिवशी हेच शिकवायच्या. मला वाटायचं, साहेब म्हणजे नवरा! पहिल्याच कथेत लिहिलंय मी हे. तुम्ही म्हणालात, गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. साहेब म्हणजे हा, पालथा घातलेला तुमचा हाकीम!"

"दगड... दगड आपोआप पडला असेल."

"पडलेल्या दगडाखाली कुणी पाचरी मारून ठेवतं का? त्या बघा, अजून खड्ड्यात आहेत."

मास्तर ओढ्याच्या काठावर मटकन बसले. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. जन्मभर त्यांनी माझ्याकडून दगडाचं तोंडच टिपून घेतलं होतं; पाठ कधी पाहिलीच नव्हती. ते हळूच म्हणाले, "म्हणजे चाळीस वर्षं मी हाकिमांच्या जाहिराती गोळा केल्या?"

मला वाटलं, आता बाई चांगला टोमणा मारणार. पण त्या शेजारी बसल्या. "असं काय करता? तुम्ही नसता तर साहेब कोण ते मला मरेपर्यंत कळलं नसतं. बिचाऱ्या नवऱ्याच्या माथी खापर फुटलं असतं."

मास्तरांना हसू आलं, आणि डोळेही पुसावे लागले. मग ते उठले. "दगड उलटा करा," यंत्रवाल्याला म्हणाले. "पाठीचा ठसा घ्यायचाय."

"पाठीवर अक्षरं कुठे आहेत?" त्याने विचारलं.

"आहेत. मला वाचायला उशीर झाला."

मित्रांनो, आयुष्यात प्रथमच मी अक्षरांवाचून दगड टिपला. किती खळगे, किती उंचवटे! प्रत्येक खळगा कुठल्या बाईचा, हे मला विचारावंसं वाटत होतं, पण विचारणार कुणाला?

त्याच संध्याकाळी मास्तरांनी छपाई थांबवली. प्योचं प्रकरण त्यांनी नव्याने लिहिलं आणि 'पहिल्या आवृत्तीत मी चुकलो' असं पहिल्याच ओळीत घातलं. समोरासमोरच्या पानांवर दोन ठसे छापायचे ठरलं. पहिल्याखाली त्यांनी लिहिलं, 'हाकीम प्यो'. दुसऱ्याखाली लेखणी टेकवून ते थांबले.

"बाई, तुमच्या आईचं नाव काय?"

ओकई हे नामगुंगबाईंचं स्वतःचं नाव. गावात त्यांच्या आईला सगळे 'ओकईची आई' म्हणत. गावात कुणी तिला नावाने हाक मारलेली त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. बराच वेळ त्या आठवत राहिल्या. मी शेजारीच ओला पडून वाट बघत होतो.

"पुन्ने," शेवटी त्या म्हणाल्या. "एकदा तिची थोरली बहीण आली होती, तेव्हा फाटकातून ओरडली होती. पुन्ने!"

मास्तरांनी ते नाव लिहिलं. हाकिमाच्या नावाएवढ्याच मोठ्या अक्षरांत.

मित्रांनो, मला शाईसकट वाळू देऊ नका, धुऊन सावलीत ठेवा, एवढंच माझं स्वतःसाठी मागणं. पण तुमच्या घरी, शेजारी, पाणवठ्यावर जिला सगळे नुसती कुणाची तरी आई म्हणतात, तिला आज तिचं नाव विचारा. ती सांगायला आहे, तोवर विचारा.