साहेबांच्या केबिनमधली काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. म्हाताऱ्यांची नव्हे हो, गोल्फची! निदान अंबरनाथच्या कारखान्यात जन्मले तेव्हा तरी तसंच होतं.

मला चकाकी आणली तिथल्या हिंदुराव नावाच्या कामगाराने. बफिंगच्या, म्हणजे पॉलिश करायच्या, चाकावर त्यांनी मला इतकं घासलं, की त्यांचा रुमाल बांधलेला चेहरा माझ्यात दिसू लागला. "कशी नवरीवानी दिसतीस बघ," म्हणाले आणि मग बराच वेळ खोकत राहिले. नमुना म्हणून मला वर श्यामकांत साहेबांच्या केबिनमध्ये ठेवलं. साहेब म्हणजे कंपनीचे सगळ्यात मोठे अधिकारी. तिथे माझा भारी रुबाब! पाहुणे मला हातात घेऊन वाहवा करायचे. घासणाऱ्याचं नाव कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगते, मलाही तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

त्या वर्षांत कारखाना कामगारांना बोनसऐवजी शेअर द्यायचा. शेअर म्हणजे कंपनीतला चिमूटभर वाटा. हिंदुरावांनी दहा वर्षांचे शेअर जपून ठेवले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, "या वर्षी ती बफिंगची धूळ सोडा, नाहीतर फुफ्फुसं जातील." शेअर विकून कुळगावात भाजीचा गाळा घ्यायचा, असं त्यांनी आणि त्यांच्या बायकोने, अंजनीबाईंनी, ठरवलं होतं.

खंडेनवमीच्या आदल्या आठवड्यात साहेब केबिनमध्ये माझ्याशी खेळत होते. गालिच्यावर आडव्या ठेवलेल्या पेल्यात चेंडू ढकलायचा, हा त्यांचा रोजचा चाळा. दुसऱ्या हातात फोन होता. "सुजित, माझे, तुझे, सगळे शेअर या दोन दिवसांत काढून टाक. अमेरिकेची मोठी ऑर्डर हातची गेली. अजून कुणाला पत्ता नाही." सुजित त्यांचा मेहुणा. आतली बातमी वापरून असं विकणं गुन्हा आहे, हे साहेबांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर आवाज खाली आला होता.

फोन ठेवतात तोच दारात हिंदुराव. चपला बाहेर काढून आत आले.

"साहेब, शेअर इकावं म्हणतोय. छातीचं काय खरं नाय. तुमाला इचारल्याबिगर कसं इकू?"

कामगार विकू लागले असते, तर साहेबांचे विकून होण्याआधीच भाव पडला असता. साहेब हसले. "टेन्शन नका घेऊ हो! दिवाळीपर्यंत डबल होतील. खंडेनवमीला पूजेत ठेवा की." चेंडू पेल्यात गेला. "बघा, शकुनच झाला."

मित्रांनो, तो चेंडू मी ढकलला होता. मला मेलीला निदान नेम तरी चुकवता आला असता!

खंडेनवमीला यंत्रांना झेंडूचे हार चढले. मलाही खाली आणून पाटावर ठेवलं. शेजारी हिंदुरावांनी शेअरचा कागद ठेवला, त्यावर हळदकुंकू वाहिलं. दुपारी ऑर्डर गेल्याची बातमी फुटली. त्यांची मुलगी तेजल गेटवरून धावत आली.

"पप्पा, भाव पडतोय! आत्ताच्या आत्ता विकून टाका ना, प्लीज!"

"येडी का काय तू? पुजलेल्याला दसरा उलटेपतुर हात लावत न्हाईत. आन साहेब बोललेत मला."

दसरा उलटला. तेव्हा एका शेअरमध्ये कटिंग चहासुद्धा आला नसता.

गाळा राहिलाच. निम्म्या कामगारांना घरी बसवलं, उरलेल्यांचे पगार कापले. आणि खर्च वाचवला म्हणून त्याच वर्षी साहेबांचा पगार दुप्पट झाला! हिंदुराव आणखी तीन वर्षं त्याच धुळीत उभे राहिले. पुढे साहेबांच्या शेअरविक्रीची चौकशी लागली. साहेबांनी गुन्हा कबूल न करता दंड भरला आणि दुसऱ्या कंपनीत मोठ्या खुर्चीवर गेले. केबिन रिकामी करताना मला हिंदुरावांच्या हातात दिलं. "ठेवा, आठवण."

आता मी खरोखरच म्हाताऱ्यांची काठी आहे. माझं डोकं मुठीत धरून हिंदुराव दवाखान्यापर्यंत जातात. दर दहा पावलांना थांबतात, आणि त्यांच्या छातीतली घरघर माझ्या टोकापर्यंत पोचते. तरी खंडेनवमीला मला पुसून पाटावर ठेवतात.

यंदा पूजा करताना ते अंजनीबाईंना म्हणाले, "साहेबाला बी कुनीतरी फशिवलं आसंल गं. त्यांना ठावं आसतं तर बोलले आसते मला." आणि माझ्यावर कुंकू वाहिलं.

मित्रांनो, तुम्हाला तोंड आहे. असं काही कानावर आलं, तर वेळेवर बोला. मी सगळं ऐकलं होतं, आणि त्यांनी मलाच नमस्कार केला.