सातवी चूक

"उस्ताद, ही बघा, सातवी चूक," म्हणत गोरक्षनाथने मोबाइल पुढे केला आणि ख्वाजामियाँना चहाचा ठसका लागला.

तीर्थपुरीहून हा माणूस अठ्ठावीस वर्षांनी मस्तगडच्या घरी आला, तो काही उगाच नाही, हे त्यांनी दारातच ताडले होते. एके काळी दोघे एकाच टॉकीजमध्ये होते. ख्वाजामियाँ ऑपरेटर, गोरक्षनाथ हाताखाली.

मोबाइलवर कुणी शहाणा एका जुन्या, गुप्तहेराच्या विनोदी सिनेमातल्या चुका मोजत होता. गुप्तहेराची मिशी एकदा डावीकडे झुकते, एकदा उजवीकडे. खून झालेला शेठ चक्क श्वास घेतो. आणि सातवी: गुप्तहेर छत्री घेऊन जिना उतरू लागतो अन् पुढच्याच क्षणी खाली, छत्रीशिवाय, चोराची मानगूट धरून उभा. "दिग्दर्शकाला डुलकी लागली असणार!" शहाणा हसला.

डुलकी लागली होती खरी, पण ख्वाजामियाँना. नवा सिनेमा आला की खेळाआधी रिळे तपासायची, फाटलेले कापून जोड द्यायचा, हे दोघांचे काम. त्या सकाळी ख्वाजामियाँचा डोळा लागला आणि जिन्याचा अख्खा तुकडा चाकात चुरगळला. त्यांनी तो गुपचूप कापला. मालक भडकला तेव्हा सांगून मोकळे झाले, हे रीळ गोरखने तपासले. गोरखची नोकरी त्याच दिवशी गेली. नेमकी तीच प्रत फिरत फिरत मोबाइलवर आली होती. जोडाच्या जागी त्यांच्या ब्लेडची तिरकी रेघ त्यांनी लगेच ओळखली.

ती यानेही ओळखली असणार. आता गोड बोलून वदवून घेतोय बेटा.

"मंग? मला कशापायी दाखवून राह्यला?"

"अहो, शिनेमा आधीपासूनच तसा व्हता! इतकी वर्षं मी समजून राह्यलो, त्या रिळात कापताना माझाच हात चुकला. घरात बल्ब बदलायचा तरी बायको, जयवंता म्हणती, 'तुम्ही हात लावू नका.'" गोरक्षनाथच्या मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांत पाणी आले. "तिला फोन लावतो. तुम्हीच सांगा. तुमचं बराबर पटंल तिला."

याला रेघबिघ काही दिसली नव्हती. ख्वाजामियाँना स्वतःचीच शरम वाटली. फोनवर नुसते 'हो, सिनेमाच तसा' म्हटले असते तरी दोघेही सुटले असते.

"बोला, भाईजान," पलीकडून जयवंताबाई म्हणाल्या.

"वैनी, पिच्चरमधी चूक न्हाई. गोरखचीबी बिलकुल न्हाई. तुकडा मी कापल्ता. नाव त्याचं सांगितलं."

 पलीकडून फोन बंद झाला.

गोरक्षनाथने चपला घातल्या आणि तो निघाला. दुखरे गुडघे ओढत ख्वाजामियाँ त्याच्यामागून स्टँडपर्यंत गेले. त्याने एकदाही मागे वळून पाहिले नाही. फक्त रस्त्यात चढ लागला तेव्हा चाल हळू केली.